नंबर वाचा, वानखडेबाई

सबनीसकाकांचा विषय निघाला की आमच्या ग्रंथालयातला माणूस आधी कपाळावर हात मारतो आणि मग बोलायला लागतो. मी तर चार वर्षं त्यांच्या मागच्याच टेबलावर बसले. माझ्या कपाळाची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ठरवा.

आमचं ग्रंथालय मंडईच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. तिथे पुस्तकं कमी आणि आवाज जास्त. ज्यांना दिसत नाही अशांसाठी पुण्यातली हौशी माणसं येऊन पुस्तकं वाचतात, आम्ही ती रेकॉर्ड करतो आणि ऐकणारे ती पेनड्राइव्हवर घरी नेतात. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. तरीही इतिहासाच्या एका पुस्तकात लढाई ऐन भरात आलेली असताना खालून 'कोथिंबीर दहाला जुडी' असं स्वच्छ ऐकू येतं. मी तिथली व्यवस्थापक. लग्न होऊन वर्ध्याहून पुण्यात आले त्याला वीस वर्षं झाली, पण इथला माणूस तिरकं बोलला की मला अजूनही लागतं. आणि सबनीसकाका सरळ म्हणून कधी बोललेच नाहीत.

ते खडकीला संरक्षण खात्याच्या नोकरीत कॉम्प्युटर सांभाळायचे. त्या कॉम्प्युटरांत काय असायचं, असं आमच्यापैकी कुणीतरी एकदा विचारलं. "हवामान," एवढंच उत्तर मिळालं. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे सेवा म्हणून यायला लागले, रोज खडकीहून लोकलनं शिवाजीनगर आणि तिथून चालत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला शबनम, तिच्यात स्वतःची पाण्याची बाटली आणि लाल पाठीची एक जाड वही. आमच्याकडचं पाणी ते पीत नसत. का, ते विचारायची सोय नव्हती.

त्यांना बोलावलं कारण आमच्या जुन्या हार्ड डिस्क कुरकुरायला लागल्या होत्या. सगळी रेकॉर्डिंग त्या आठ डिस्कांवर. पहिल्या दिवशी मी कौतुकानं सगळं दाखवलं, कथा-कादंबऱ्या इथे, शाळेची पुस्तकं तिथे, कायद्याची ह्याच्यावर. ते हात मागे बांधून ऐकत होते.

"प्रती किती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे सगळं अजून कुठे आहे?"

"अजून कुठे नाही. इथेच."

"मग आपल्याकडे हे नाही असं समजा," ते म्हणाले आणि वही उघडून तारीख घातली.

मला राग आला, कारण म्हणणं खरं होतं. नव्या डिस्कांना पैसे नव्हते, म्हणून जवळजवळ चार वर्षं काका जुन्याच डिस्क डागडुजी करून चालवत राहिले, आणि मग एका देणगीदारानं आठ नव्या दिल्या. त्या तयार करायच्या, प्रत्येकीला नाव द्यायचं, आणि जुनीवरचं नवीवर उतरवायचं. काम एवढंच. हिंजवडीला नोकरी करणारा एक इंजिनिअर शनिवारी आमच्याकडे वाचायला येतो. तो म्हणाला, "काका, सिंपल आहे. एक टूल देतो, माउसनं क्लिक क्लिक क्लिक, अर्ध्या तासात सगळ्या डिस्क रेडी."

"क्लिक वहीत कसं लिहायचं?" काकांनी विचारलं.

तो बिचारा हसला. त्याला वाटलं विनोद आहे. विनोद नव्हता. काका सगळं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच करायचे, आणि प्रत्येक आज्ञा आधी वहीत लिहायचे, मग टाइप करायचे, मग वहीतल्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे. डिस्कचे भाग पाडायचे म्हणजे त्यांच्या मते जमिनीची वाटणी होती. कुठून कुठपर्यंत, ते आकड्यांत लिहिलेलं असलं पाहिजे. शेवटी 'डब्ल्यू' हे अक्षर दाबलं की ती वाटणी डिस्कवर उतरते, तोपर्यंत सगळं नुसतं बोलणं. "डब्ल्यू म्हणजे अक्षता," काका म्हणायचे. "त्याआधी काय ते बघून घ्या. मग बोलायचं नाही." आणि डब्ल्यूच्या आधी ते दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. बाटलीतलं घोटभर पाणी प्यायचे. मला मागून वाटायचं, जाऊन आपणच ते बटण दाबावं.

पण ह्या सगळ्याहून मोठा छळ नंबर वाचण्याचा होता.

प्रत्येक डिस्कवर कंपनीचा एक नंबर छापलेला असतो, पंधरा-वीस अक्षरांचा, मुंगीच्या पायाएवढा. काकांचं टेबल भिंतीकडे तोंड करून, डिस्क लावायचा डॉक माझ्या टेबलावर. डॉक म्हणजे पाव भाजायच्या टोस्टरसारखं खोकं, दोन फटींत दोन डिस्क उभ्या बसतात. डिस्क हातात घ्यायची, चष्मा पुसायचा, आणि काका पाठमोरेच म्हणणार, "नंबर वाचा, वानखडेबाई." मी एकेक अक्षर वाचायचं, ते पडद्यावरच्या यादीत तो नंबर शोधणार. "शून्य की ओ?" "शून्य." "बघून सांगताय की आठवून?" "बघून, काका." मग डब्ल्यूच्या आधी पुन्हा डिस्क उपसायची, पुन्हा वाचायचं. आठ डिस्कांना सोळा वेळा.

"काका, काय करून राहिले तुम्ही हे?" मी एकदा वैतागून म्हटलं. "तुमच्या कॉम्प्युटरला दिसते नं कोणती डिस्क कुठे आहे ते."

"कॉम्प्युटर हजेरी घेतो. जो आधी हात वर करेल तो बी, नंतरचा सी. उद्या सुरू केलात की उलटं. काल बी होती म्हणून आज बीच असेल अशा समजुतीनं मी एका माणसाचं तीन वर्षांचं काम जाताना पाहिलंय."

"कुठे?"

"हवामानात."

नावांचा तर वेगळाच तमाशा. डिस्कला नाव द्यायला सोळा जागा असतात. इंग्रजी अक्षराला एक जागा लागते, मराठीला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे आपापल्या तीन जागा अडवून बसतात. म्हणजे मराठीत पाच खुणा. शहाण्या माणसानं इंग्रजीत एक, दोन, तीन असं काहीतरी लिहून मोकळं व्हावं. काकांनी वहीत पुण्याचे भाग मांडले आणि कोणता मावतो ते मोजत दोन दिवस घालवले. मंडई मावली. औंध, खडकी, पाषाण, बाणेर, वारजे, हडपसर, धायरी मावले. खडकवासल्याचा तर प्रश्नच नव्हता.

"कोथरूड घ्या की," मी म्हटलं. मी कोथरूडला राहते.

"कोथरूड सहा होतं. मावत नाही."

"एक मात्रा कमी करा."

"तुम्ही राहा कोथरूडला. डिस्क नको."

ह्यात देणगीदार आले. त्यांची इच्छा होती की प्रत्येक डिस्कवर त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव असावं, आणि नुसतं वरून चिकटवलेलं नको, 'आतमध्ये' असावं. इच्छा साधी होती. कुणीही म्हणालं असतं, बघतो, करतो. काकांनी त्यांच्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "सोळा जागांत तुमचे वडील बसत नाहीत."

देणगीदार उठले. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे पळाले, वडिलांचं नाव आठही डिस्कांवर छापील कागदावर लावते म्हणून शब्द दिला, खाली जाऊन उसाचा रस पाजला. वर आले तर काका कागदाच्या पट्ट्या कापत होते. त्यांनी प्रत्येक पट्टीवर सुवाच्य अक्षरात आधी देणगीदारांच्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि खाली डिस्कचं. "वरचं नाव आणि आतलं नाव एक असावं लागतं," ते म्हणाले. "तुमच्या त्या गृहस्थांनी रस घेतला का?" ह्या माणसावर धड रागावताही यायचं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

आमच्याकडे रेश्मा नावाची मुलगी यायची. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नाही. दर शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन यायची, चार प्रकरणं भरून न्यायची, पुढच्या शनिवारी ती पुसून पुढची चार. तिच्या विषयांची पुस्तकं मराठीत आवाजात आणखी कुठे मिळत नव्हती. दोन वाचकांनी दोन वर्षं खपून ती आमच्यासाठी वाचली होती, आणि ती सहाव्या डिस्कवर होती. ती डिस्क सगळ्यात जास्त कुरकुरायची. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. मला घाई होती ती ह्यासाठी. काका मात्र क्रमानंच, आठवड्याला एक डिस्क, ह्या आपल्या चालीनं चालले होते, आणि मधे सुट्ट्या आल्या की तेही नाही.

मी शक्कल लढवली. जुन्या आणि नव्या सगळ्या डिस्कांचे नंबर एकदाच नीट बघून टाइप केले, डाव्या रकान्यात जुन्या, उजव्या रकान्यात नव्या, मोठ्या अक्षरांत छापून घेतलं. काकांपुढे धरलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कपाटात ठेवा. डिस्क हातात असताना यादी कशाला बघायची?"

सहाव्या डिस्कचा दिवस आला. सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. समितीच्या अध्यक्षांचा फोन झाला होता, काम कधी संपणार म्हणून. खाली कुणाचा तरी टेंपो अडकून हॉर्न चालू होते. काकांनी सकाळचे दोन तास वहीच्या समासाला रेघा मारल्या. मी त्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा एकदा नाही, दहादा सोडला. जेवणाच्या सुट्टीत वेळ वाचावा म्हणून मीच जुनी आणि नवी, दोन्ही डिस्क डॉकमध्ये लावून टाकल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या.

"नंबर वाचा, वानखडेबाई. नवीचा."

नवी डिस्क डॉकमधून उपसायची, चष्मा पुसायचा, वाचायचं, परत बसवायची. मी कपाटाऐवजी खणात ठेवलेली यादी काढली आणि सहाव्या ओळीवरून वाचला. काकांनी पडद्यावर शोधला. तंतोतंत जुळला. डब्ल्यूच्या आधी त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा तोच वाचला. पडद्यावर सूचना आली की इथे आधीचं काहीतरी दिसतंय, पुढे जायचं का. ती दर वेळी यायची, कारण नव्या डिस्काही कारखान्यातून एकदा तयार होऊनच येतात. काकांनी डब्ल्यू दाबला, डिस्क नव्यानं आखून घेतली, नाव दिलं 'धायरी'. मग जुनीवरचं नवीवर उतरवायची आज्ञा दिली.

एरवी ह्याला पाच-सहा तास लागायचे. त्या दिवशी एका क्षणात संपलं.

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पाणी प्यायले नाहीत. "वानखडेबाई," ते म्हणाले, "डॉकला हात लावू नका." मग वहीत वेळ लिहिली. मी हातातली यादी बघितली. मी डाव्या रकान्यातला नंबर वाचला होता. नंबर जुळणारच, तो जुन्या डिस्कचा होता; नवी समजून काकांनी जुनीच पुसली होती. मी यादीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. हे मी आज लिहितेय, त्या दिवशी मला ते सांगणं जमलं नाही.

पुढचे तीन आठवडे काका पुसलेल्या डिस्कवरून जे निघेल ते खरवडून काढत होते. तुकडे यायचे, नावं नसायची. कानाला हेडफोन लावून ते एकेक तुकडा ऐकायचे आणि वहीत लिहायचे, कोणतं पुस्तक, कोणतं पान. बरंचसं आलं. कायद्याची पाच पुस्तकं मात्र काही केल्या धड आली नाहीत. शनिवारी रेश्माला सांगायचं माझ्यावर आलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, मग मी परीक्षेला काय ऐकू?"

समितीची बैठक बसली. काका उभे राहून म्हणाले, "नंबर जुळवायचा नियम माझा आहे. चुकीचा जुळवला. चूक माझी."

"पण नंबर वाचला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाचणारा वाचतो. जुळवणारा मी."

मी चहाच्या कपात बघत होते. मला अजून तो कप आठवतो, कानाशी टवका उडालेला.

पुण्यात कुणाला काढून टाकायचं असेल तर सत्कार करतात. पुढच्याच आठवड्यात काकांना शाल आणि नारळ दिला, चार माणसं त्यांच्या शिस्तीवर बोलली, आणि उरलेल्या डिस्कांचं काम त्या हिंजवडीच्या इंजिनिअरकडे गेलं. मला वाटलं, संपलं. घरी जाऊन मी रडले, आणि खरं सांगते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवारी सकाळी दहाला काका दारात. तोच शर्ट, तीच शबनम.

"वाचक घेता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "आवाजाची परीक्षा असते म्हणे."

परीक्षा मीच घेते. काय करणार, घेतली. उच्चार बघाल तर ळ आणि ण असे, की शाळेत लावावेत. बाकी वाचन म्हणजे सरकारी गॅझेट. चढ नाही, उतार नाही. गेलेल्या पाच पुस्तकांतल्या पहिल्याच्या पहिल्या पानापासून ते सुरू झाले, आणि मी पुन्हा त्यांच्या तावडीत सापडले, कारण रेकॉर्डिंगला काचेबाहेर मीच असायचे. खुर्ची करकरली, पान पहिल्यापासून. बाहेर कुणी खोकलं, पान पहिल्यापासून. दिवसाला एक प्रकरण, एकही दिवस खाडा नाही.

रेश्मा दोन आठवड्यांत तक्रार घेऊन आली. "ताई, काका तळटीपापण वाचतात. आणि प्रत्येक झाली की 'तळटीप समाप्त' म्हणतात. मला आता झोपेत ऐकू येतं."

"सांगू का त्यांना, वगळा म्हणून?"

"नको," ती म्हणाली. "परीक्षेत तळटीपांवरच प्रश्न येतात."

पाचपैकी चार पुस्तकं तिच्या परीक्षेआधी झाली. पाचव्यावाचून ती परीक्षेला बसली आणि पास झाली, मार्क फार नव्हते. ती आता सातारा रस्त्याला एका वकिलांकडे काम करते. पाचवं पुस्तक तिच्या आता उपयोगाचं नव्हतं, मग कशाला वाचायचं, असं मी काकांना म्हटलं. "पुढच्या वर्षी दुसरी कुणी येईल," ते म्हणाले, आणि वाचत राहिले.

ते संपत आलं तेव्हा कळलं की काका मुलीकडे नाशिकला कायमचे राहायला चाललेत. सांगितलं कसं, तर उद्या शेवटचं प्रकरण, परवा गाडी, एवढंच. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ते काचेच्या खोलीत जाऊन बसले, पुस्तक उघडलं, हेडफोन चढवला, तशी मी दार उघडून आत गेले. रेकॉर्डिंगच्या वेळी आत जायचं नसतं. त्यांनी भुवया वर केल्या.

"काका, त्या दिवशी नंबर मी डिस्कवरून वाचला नव्हता. यादीवरून वाचला. रकाना चुकला. चूक माझी होती."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "माहितीये."

"माहितीये?"

"डॉकमधून डिस्क उपसली की खटका होतो. त्या दिवशी झाला नव्हता. दोन्ही वेळेला."

मला आधी काय यावं, तर राग आला. इतके दिवस हा माणूस सगळं जाणून माझ्यासमोर पानं वाचत बसला होता. "मग थांबवलं का नाही मला तेव्हाच? नेहमी तर एका शून्यासाठी धारेवर धरत होते."

त्यांनी पुस्तकाचं पान सरळ केलं. मग म्हणाले, "तुम्ही सकाळपासून वैतागलेल्या होतात. म्हटलं, चार वर्षं छळतोय बाईंना. आज एकदा जाऊ दे."

त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला, चष्मा सारखा केला.

"दार नीट लावा," ते म्हणाले. "आवाज आत येतो."

मी बाहेर आले, दार लावलं, दोनदा ओढून बघितलं. काचेपलीकडे त्यांनी घसा साफ केला, बोटानं ओळ धरली आणि सुरू करा म्हणून हात वर केला. मला पदरानं डोळे पुसायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ ते हात वर धरून बसून होते.